उपाशी देव

चनबसप्पा साहेबांना चहा दिला की शेवटचा घोट ते कधीच पीत नसत. कप घेऊन उठत, दारात जात, तो घोट जमिनीवर ओतत आणि कमरेत वाकून तो कुठं जातो ते बघत उभे राहत. कचेरीत ठीक होतं, तिथं सगळ्यांना सवय झाली होती. पण माझ्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हाही त्यांनी सासूबाईंच्या नुकत्याच सारवलेल्या अंगणात घोट ओतला आणि वाकले.

"चहा आवडला नसेल तर तसं सांगायचं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज असा की शेजारच्यांनी पण ऐकावं.

"तसं न्हाय की, आजी. चहा लई ब्येस. तुमचं पाणी कुटं जातंय ते बघत होतो."

"कुठं जाणार? गटारात."

"आन् गटार?"

"नाल्यात."

"आन् नाला?"

सासूबाईंनी साठ वर्षं सोलापुरात काढली, पण नाला पुढं कुठं जातो हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"सीना नदीत जातोय," साहेब म्हणाले. "आज तुमी जी कढई घासली, तिचं पाणी दोन-चार दिवसानं माशाच्या तोंडात. आता माशाला तुमच्या हातचं पिठलं आवडतं का न्हाय, ते मी विचारून सांगतो."

सासूबाई दिवसभर माझ्यावर चिडलेल्या होत्या, असला माणूस घरी आणलाच का म्हणून. पण त्यानंतर कढई घासायला बसल्या की हात आखडता घेत. सोडा वापरायचं तर त्यांनी बंदच केलं. कुणी विचारलं तर सांगत, सोड्यानं हाताला भेगा पडतात.

मी मासेखात्याच्या कचेरीत टंकलेखिका होते आणि साहेब तिथले निरीक्षक. मूळचे मैंदर्गीचे. घरात कानडी, बाहेर मराठी आणि रागावले की दोन्ही एकदम. पांढरं धोतर, काळा कोट, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. सात पिढ्यांत कुणी मासा तोंडात घातला नव्हता. अशा माणसाला सरकारनं मासे सांभाळायला नेमलं, यावर गावात जेवढे विनोद झाले तेवढे मी सगळे टाईप केले असते तर रिबिनी पुरल्या नसत्या. नदीकाठचे भोई त्यांना 'स्वामी' म्हणत, आणि मासळी बाजारातल्या बायका तर ते आले की पाट्यांवर फडकी टाकत, साहेबांना विटाळ नको म्हणून. साहेब स्वतःच फडकं उचलून बघत.

आणि बघण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मासा ताजा की कालचा, नदीचा की तळ्याचा, जाळ्यात आला की कुणी विष टाकून मारला, हे सगळं ते डोळा बघून सांगत. बाजारात भांडण लागलं की निवाडा त्यांच्याकडं. मी एकदा विचारलं, साहेब, चव माहीत नसताना एवढं कळतं कसं? तर म्हणाले, "खात न्हाय म्हणून तर कळतं, बाई. खाणाऱ्याचं ध्यान कढईकडं असतंय."

एरवी मी 'बाई' होते. काम काढायचं असलं की 'अक्का' व्हायची. 'अक्का' ऐकू आलं की मी आधी कागद लपवायची.

त्यांचं एक काम मात्र मी जन्मात विसरणार नाही. गावातल्या रंगाच्या कारखान्यांचं पाणी ज्या नाल्यानं सीनेकडं जायचं, तिथं ते रोज सकाळी सायकलवरून जात आणि पांढऱ्या मांजरपाटाची एक पट्टी नाल्यात बुडवून आणत. ती वाळवून फाईलीत टाचायची आणि खाली मी टाईप करायचं: सोमवार, लाल. मंगळवार, लाल. बुधवार, मोरपंखी. कारखान्यात रंगवायच्या टॉवेलांचा रंग बदलला की नाल्याचा बदलायचा. त्यांच्या टेबलावर पट्ट्या वाळत पडलेल्या बघून बाजारातले लोक विचारायला यायचे, यंदा कुठला रंग चालणार म्हणून. फाईलीला असा वास यायचा की मी ती नाकाला पदर लावून उघडायची आणि मनात साहेबांचा उद्धार करायची. वर्षभरात ती एवढी फुगली की दोरीनं बांधावी लागायची.

एकदा पुण्याहून मोठे साहेब तपासणीला आले. त्यांनी फाईल उघडली, चार पानं उलटली, आणि फार विचार करून म्हणाले, "हा हिरवा बरा वाटतो. पण पडदे नेमके कुठल्या खोलीला लावायचेत?"

मी हसू दाबायला मशीनमध्ये उगाच कागद घालत बसले. चनबसप्पा साहेब अगदी सरळ तोंडानं म्हणाले, "नदीला, साहेब. लावून झालेत."

मोठे साहेब त्यावर 'अभ्यास व्हावा' असं लिहून गेले. पुढं काही झालं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. तो आमच्याकडं कसा होता हे मी सांगत बसत नाही, ज्यानं बघितला त्याला सांगायला नको. त्र्याहत्तरच्या शिमग्यापर्यंत सीना म्हणजे नुसती वाळू. वाळूतनं बैलगाड्या जात. पाणी राहिलं होतं एकाच ठिकाणी, गावाच्या खालच्या अंगाला एका काळ्या खडकाच्या पोटात डोह होता तिथं. नदीत जे मासे जगले होते ते सगळे त्या डोहात येऊन कोंडलेले. मरळ, शिंगाडा, वांब, मोठमोठी जुनी धुडं.

साहेबांनी मला एक दिवस मुद्दाम तिथं नेलं. जाताना 'अक्का' म्हणाले होते, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी गळ्यात पडणार. काठावर उभे राहून त्यांनी बोट दाखवलं.

"ह्ये बियाणं हाय. जुवारीचं बियाणं जसं कणगीत ठेवतात तसं. आता ह्येच मेलं किंवा कुणी मारून खाल्लं, तर पुढल्या साली नदीला पाणी येईल, पण नुसतं पाणीच येईल. वरपासून खालपर्यंत सगळी नदी रिकामी."

तेव्हा त्यांच्या तोंडावर मस्करीचा मागमूस नव्हता. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला भीती वाटली.

डोहाला धोका दोन बाजूंनी होता. पहिला रंगाचा. नदी आटली तरी नाला आटला नव्हता. त्याचं जांभळं-काळं पाणी वाळूतनं सरकत सरकत डोहाकडं येत होतं. साहेब रोज एक काठी रोवून ते किती पुढं आलं ते बघत. कारखान्याला नोटिसा मीच टाईप केल्या होत्या, उत्तरं आली नव्हती. सगळ्यात मोठा कारखाना ज्या शेटचा, तो साहेबांच्या लांबच्या नात्यातला. त्या आठवड्यात त्याच्या मुलीचं लग्न होतं, व्याही बार्शीचे मोठे व्यापारी.

साहेब लग्नाला गेले. आम्हा कचेरीतल्यांनाही बोलावणं होतं म्हणून मी हे डोळ्यांनी बघितलं, नाहीतर विश्वास ठेवला नसता. अंगात काळा कोट, डोक्याला काळी टोपी, कपाळावर भस्म, सगळं जागच्या जागी. आणि खाली धोतर असं की एक निरी जांभळी, दुसरी हिरवी, काष्टा लालभडक, मधे मधे निळे ढग. अक्षता टाकून ते सरळ पुढं जाऊन व्याह्यांच्या शेजारी बसले.

व्याह्यांनी बराच वेळ धीर धरला. शेवटी विचारलंच, "ह्ये धोतर कुठल्या पद्धतीचं म्हणायचं?"

"हितलंच हाय की," साहेब सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले. "साधं पांढरंच होतं. नदीवर धुतलं. पाणी ह्यांच्याच कारखान्यातनं येतंय. पण माल बघा, चार डाव धुतलं तरी रंग हटला न्हाय. पक्का माल. पोरगी चांगल्या घरची केली तुमी."

शेटचं तोंड धोतराच्या प्रत्येक रंगातून एकदा जाऊन आलं. व्याह्यांनी हळूच विचारलं की हे पाणी लोक पितात का? साहेब म्हणाले, "लोकांचं सोडा. लोकांना तोंड हाय, ते ओरडतील."

लग्न नीट पार पडलं, पोरगी सुखानं नांदायला गेली. आणि पाचव्या दिवशी कारखान्याच्या मागं मोठमोठे खड्डे खोदायला सुरुवात झाली. रंगाचं पाणी त्यात साठवलं, त्याचं बघून बाकीच्या कारखान्यांनीही खोदले, नाला बंद झाला. डोहापासून साहेबांची शेवटची काठी हाकेच्या अंतरावर होती. त्यांनी मला शेटच्या नावे आभाराचं पत्र लिहायला सांगितलं. मी टाईप केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या फाईलीला नाक न धरता हात लावला.

दुसरा धोका पोटाचा. दगडू भोई म्हणून काठावरचा म्होरक्या होता, काळाकभिन्न, बोलायला मोजका. साहेबांनी त्याला डोहात जाळं टाकू नको म्हणून सांगितलं. दगडू म्हणाला, "मी न्हाय टाकत, स्वामी. खडी फोडायला जातुया, भागतंय कसं तरी. पर मी थांबलो म्हून दुसरा थांबतोय व्हय? माझी भावकीच हाय सगळी. परतेक जण म्हनतुया, मी न्हाय मारला तर शेजारचा मारनार, मग मीच का उपाशी ऱ्हाऊ?"

साहेबांना डोहावर पाटी लावता आली असती, पण पाटी वाचणारं तिथं कोण होतं? शिपाई मागता आला असता, पण तो येईपर्यंत आषाढ आला असता.

तिसऱ्या दिवशी साहेब रजेचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवून गेले. मग खबर आली की साहेब डोहावर बसलेत.

त्यांनी काय केलं होतं, तर नदीतला एक गुळगुळीत काळा गोटा उचलून खडकावर ठेवला, आपल्या डबीतलं भस्म त्याला तीन बोटं लावलं, आणि त्याच्यासमोर मांडी घालून डोळे मिटून बसले. बस्स. तोंडातनं शब्द नाही. सकाळी बसले ते दुपारपर्यंत हलले नाहीत. दुपारी दगडू आला, त्यानं गोट्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, आणि पायातल्या वहाणा काढल्या. तो काही भोळा नव्हता. आदल्या दिवशी तिथं गोटा नव्हता हे त्याला पक्कं माहीत होतं. पण संध्याकाळपर्यंत त्यानं सगळ्या वस्तीला सांगितलं की डोहातले मासे देवाचे आहेत.

मी साहेबांना नंतर फैलावर घेतलं. सरकारी माणसानं असलं खोटं सांगायचं?

"मी कुटं काय सांगितलं?" ते म्हणाले. "मी नुसता डोळं मिटून बसलो की. दुपारची झोप लागली होती थोडी."

जाळी थांबली. देवाच्या माशाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही, आणि आता शेजाऱ्याचीही होणार नाही हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पंधरा दिवस सगळं छान चाललं. साहेब कचेरीत शेंगाची चटणी वाटत फिरत होते.

आणि मग आमच्या लोकांनी आमच्या लोकांसारखं केलं. दुष्काळाचे दिवस, त्यात नवा देव निघालेला. लांबलांबच्या गावांहून माणसं यायला लागली. कुंकू, गुलाल, तेल, दूध, नारळाचं पाणी, कणकेचे दिवे, सगळं डोहात. ज्याच्या घरी पोराला दूध नव्हतं तोही देवाला वाटीभर घेऊन यायचा. पाणी लालसर झालं, वर तेलाची साय आली. मासे घुसमटले. वर येऊन तोंडं उघडून गपागपा हवा घ्यायला लागले.

लोक म्हणाले, देव पावला, मासे दर्शनाला वर आले. आणि त्यांनी आणखी दूध ओतलं.

साहेब धावत डोहावर गेले. त्यांनी लोकांना समजावलं, पाण्यातली हवा संपते, मासा मरतो, हात जोडतो, टाकू नका. लोकांनी भक्तिभावानं ऐकून घेतलं आणि त्यांच्याही पायावर गुलाल टाकला. शेटच्या कारखान्याचा रंग थांबवला, तर देवाचा रंग सुरू झाला. त्या दिवशी दोन मोठे शिंगाडे पोट वर करून तरंगले. साहेबांनी ते स्वतःच्या हातानं बाहेर काढले आणि काठावर पुरले. भोयांच्या बायका ते बघत उभ्या होत्या, एकीनंही ते शिजवायला मागितले नाहीत.

मग ते पुन्हा त्या गोट्यासमोर बसले. या वेळी पाण्याचा तांब्याही जवळ ठेवला नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. वैशाखाचं ऊन. घरून बायको आल्या, कानडीतनं असं काही बोलल्या की मला भाषा येत नसूनही सगळं कळलं. माशासाठी उपास करणारा हा सात पिढ्यांतला पहिलाच. साहेबांनी डोळे उघडले नाहीत. मी भाकरी घेऊन गेले होते, ती माझ्याच हातात राहिली. राग येत होता आणि रडूही येत होतं, आणि कशाचं काय करावं ते मला कळत नव्हतं.

शेवटी एका म्हातारीनं विचारलं, "स्वामी, उपास कुनाचा वं?"

साहेबांनी गोट्याकडं बोट केलं. "ह्याचा."

"देव उपाशी हाय?"

"माणसं उपाशी, गुरं उपाशी. हा कसा खाईल?"

म्हातारीच्या हातात दुधाची वाटी होती. ती तिनं मागं वळून तिथं उघड्या अंगानं उभ्या असलेल्या कुणाच्या तरी पोराच्या तोंडाला लावली. बाकीच्यांनी आपापले नारळ पदरात घेतले.

"सुटायचा कवा?" दगडूनं विचारलं.

"नदीला पाणी आलं की."

साहेब उठून घरी जेवायला गेले, उपास आता एकट्या देवाचा होता. वस्तीत रात्रीतून सगळ्यांना कळलं. दगडूनं आपल्या पदरचं जोडलं, की जो काही टाकेल त्याचा नवस उलटेल. साहेब त्याच्यावर खवळले, हे मी बोललो नव्हतो म्हणून. दगडू म्हणाला, "तुमी न्हाई बोलला. देव बोलला. तुमचं डोळं मिटल्यालं होतं."

आषाढात एके दुपारी, आमच्याकडं लख्ख ऊन असताना, सीनेला पाणी आलं. वर नगरकडं कुठंतरी पडलं असणार. गढूळ, फेसाळ लोंढा वाळू ढकलत आला आणि डोह बघता बघता नदीत मिसळून गेला. आमची सगळी कचेरी टेकाडावर उभी होती. मासे निघाले ते दिसले नाहीत, त्या गढूळ पाण्यात काय दिसणार? पण साहेब प्रत्येक भोवऱ्याकडं बोट करून सांगत होते, तो गेला, तो बघा, ती मरळ गेली. आम्ही हो हो म्हणत होतो.

लोक नारळ घेऊन आले, देवाचा उपास सोडायला. बघतात तर खडकावर गोटाच नाही. पुरात गेला.

"आता?" लोक म्हणाले.

साहेबांनी हात पसरले. "उपास सोडणाराच गेला. आता सोडवायचा कुणाचा?" तेवढं बोलून ते माझ्याकडं वळले, आणि मी त्यांच्या डोळ्यांत जे बघितलं त्यावरून शपथेवर सांगते, गोटा पुरानं नेला नसता तर त्यांनी पायानं ढकलला असता.

त्या पावसाळ्यानंतर सीनेत बोटाएवढी पिलं झाली, मग वीतभर, मग जाळ्यात येण्याजोगी. साहेब निवृत्त झाले आणि मैंदर्गीला गेले. कचेरीत चहाचे घोट ओतणारं कुणी राहिलं नाही. नव्या साहेबांनी ती रंगीत फाईल रद्दीत घालायला सांगितली, मी ती घरी आणून ठेवली.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात साहेब कुठल्याशा कागदासाठी सोलापुरात आले आणि दारात उभे राहून म्हणाले, "अक्का, डोहावर येता का?" मी कपाळावर हात मारला आणि पायात चपला घातल्या.

ते थकले होते. धोतर पांढरं होतं. कोटाच्या खिशात चुरमुऱ्यांची पुडी होती. वाटेत मला म्हणाले, "आता मी सरकारचा न्हाय. माशाला जन्मात एकदा मूठभर माझ्या हातचं घालावं म्हणतोय. मूठभरानं काय होत न्हाय."

डोह तसाच होता, काळा, शांत. खडकावर एक नवा गोटा होता, पहिल्यापेक्षा थोराड. दगडू आदल्या वर्षी वारला होता, ते आम्हाला तिथं कळलं. त्याची सून बाभळीखाली शेरडं राखत बसली होती. साहेबांनी पुडी सोडली, मूठ भरली, हात उचलला.

"ओ आजा," ती उठलीच. हातात काठी. "काय टाकताय?"

"चुरमुरं."

"हितं न्हाय टाकायचं. देवाचा उपास हाय."

"कवापासनं?"

"लई वर्सं झाली. माज्या सासऱ्याच्या म्होरं धरलाय."

"आन् सुटायचा कवा?"

"देव माघारी आला की."

साहेबांनी गोट्याकडं बघितलं. "मग ह्यो कोण?"

"ह्यो बदली हाय," ती म्हणाली. "खरा पुरात गेलाय."

मला राहवेना. अगं बाई, हेच ते, असं सांगायला मी तोंड उघडलं, तर साहेबांनी माझं कोपर धरलं. मूठ पुडीत परत सोडली. तळहाताला चिकटलेले दोन-चार दाणे तोंडात टाकले.

तिला त्यांची दया आली असावी. ती म्हणाली, "पानी तरी पिता का?" आणि तांब्या भरून दिला. साहेब प्याले. शेवटचा घोट त्यांनी ठेवला, जागा हेरली, आणि खडकाच्या उतारावर ओतला. मग कमरेत वाकले. पाणी धुळीतनं वाट काढत डोहाकडं निघालं. माझ्याकडं त्यांनी असं बघितलं की मी समजले. स्वारी शेवटी आपला नैवेद्य पोचवणारच होती.

"आता ह्ये काय?" सून म्हणाली.

"काय न्हाय की, यव्वा. पाणी कुटं जातंय ते बघतोय."

"कुटं जाईल? डोहात." तिनं दोन पावलं टाकली आणि त्या धारेच्या वाटेत आपली टाच रोवली. पाणी तिच्या टाचेशी थांबलं आणि जिरलं. "उपास म्हंजे उपास. कुनाचं काय बी न्हाय चालत."

साहेब वाकलेलेच राहिले, त्या टाचेकडं बघत. मग त्यांनी सरळ होऊन तिला हात जोडले. गोट्याला नाही, तिला. ती आपली बावचळून शेरडांकडं गेली.

अक्कलकोटच्या गाडीत मीच त्यांना बसवलं, तिथून पुढं त्यांना मैंदर्गी गाठायची होती. खिडकीतनं त्यांनी चुरमुऱ्यांची अर्धी पुडी माझ्या हातात दिली आणि अर्धी स्वतः खायला घेतली. गाडी हलली तेव्हा ते तोंड भरून खात होते. डोळ्यांतनं पाणी गालावर आलं होतं, आणि या वेळी ते कुठं जातंय हे बघायला ते काही वाकले नाहीत.